बावीस पाहुणे, एक बंब आणि दहा किलो वांगी

चंपाषष्ठी झाली की आठवड्याच्या आत सुरतच्या नणंदेचा फोन येतो. "वहिनी, वांगी कशी आहेत यंदा?" बाहेरच्या माणसाला हा भाजीचा प्रश्न वाटेल. आमच्या घरात त्याचा अर्थ असा, की नाताळच्या सुट्टीत सुरत, पुणे, नाशिक आणि धुळ्याची सगळी मंडळी तीन दिवस आमच्याकडे उतरणार आहेत, तिकिटं काढून झाली आहेत आणि आता फक्त मला कळवायचं राहिलं आहे.

आमचं गाव फैजपूरजवळ. या घरात थोरली सून म्हणून आले त्याला २६ वर्षं झाली. पहिली पाच-सहा वर्षं पाहुणे गेल्यावर मी दोन दिवस झोपून असायचे. पुढे एकेक गोष्ट चुकत, शिव्या खात शिकले. धाकट्या जावेच्या भाचीचं यंदा लग्न झालं, ती आमच्यासारख्याच खटल्याच्या घरात पडली आहे. ती म्हणाली, "मावशी, सगळं लिहूनच द्या ना." तर हे तिच्यासाठी. तुमच्याही घरी डिसेंबरात बावीस माणसं येत असतील तर तुम्हीही वाचा.

सासूबाईंकडून मदत मागू नका. मिळते, पण सोबत इतिहासही मिळतो. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सासूबाईंचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण माझ्या कपाळाला आठी दिसली की त्या सुरू होतात, "अवं, याच थंडीत आपल्या पंचक्रोशीनं अख्खी काँग्रेस जेवू घातली. तुले बावीस मानसं जड झाली का वं?" यावर उत्तर नाही. मी शोधून पाहिलं आहे.

आधी माणसं मोजा, मग शाली

फोनवर जो आकडा सांगतील त्यात चार मिळवा. नाशिकचा चुलतदीर "आम्ही तिघंच" म्हणतो आणि गाडीतून पाच उतरतात. एक त्याचा शेजारी असतो, ज्यानं "खान्देशी भरीत कधी खाल्लंच नाही". खाऊ द्या बिचाऱ्याला. पण पीठ आधी दळलेलं असलं पाहिजे.

सुरतची मंडळी गाडीनं पहाटे भुसावळला उतरतात. त्यांना घ्यायला जो जाईल त्याच्याबरोबर दोन शाली आणि एक कानटोपी द्या. हे विसरू नका. सुरतला आमच्यासारखी थंडी पडत नाही, त्यामुळे सुरतचे पाव्हणे, म्हणजे नणंदेचे यजमान, दर वर्षी अर्ध्या बाहीच्या शर्टात उतरतात. इकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली सहज जातो. त्यात भुसावळहून येताना तापीचा पूल लागतो. उघड्या रिक्षातून पहाटे तो पूल ओलांडला की माणूस घरी पोचेपर्यंत बोलत नाही, आणि आमच्या पाव्हण्यांना तेवढंच एक काम येतं. एका वर्षी ते आल्यापासून संध्याकाळपर्यंत गप्प होते. नणंदेनं ते मनाला लावून घेतलं: माझ्या माहेरी यांचा काहीतरी अपमान झाला. खरं कारण एवढंच की दातावर दात वाजत होते.

बंब

आता खरा विषय. खान्देशातल्या घरात हिवाळ्यात भांडण होतं ते जमिनीवरून होत नाही, अंघोळीच्या पाण्यावरून होतं. आमच्याकडे गीझर आहे. तो एका वेळी दीड बादली देतो, आणि लाइट गेली की तेवढंही नाही. म्हणून मागच्या अंगणात सासूबाईंच्या लग्नातला तांब्याचा बंब अजून चालतो.

बंब कसा चालवायचा ते नीट वाचा. पहाटे पाचला पेटवायचा. पेटवायला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, बऱ्या, लगेच धडधडतात. पण नुसत्या पऱ्हाट्यांवर राहिलात तर दर पाच मिनिटांनी उठावं लागेल. एकदा जाळ धरला की बाभळीचं एक चांगलं लाकूड सारा, मग तासभर बघावं लागत नाही. राख आदल्या संध्याकाळीच काढून ठेवा. पहाटेच्या अंधारात राख काढणारा माणूस तोंड धुवायला गेला की सगळा वेळ तिथंच जातो.

आणि मुख्य नियम: एक बादली गरम काढली की एक बादली गार ओतायची. काढणाऱ्यानंच ओतायची, लगेच. मी हे खडूनं भिंतीवर लिहिलं आहे. कारण बंब रिकामा राहिला आणि खाली जाळ चालू असला की डाग दिलेले सांधे सुटतात. सात-आठ वर्षांपूर्वी कोणीतरी ओळीनं तीन बादल्या काढल्या आणि एकही ओतली नाही. साडेसातला बंबाच्या पोटातून आवाज आला, मग बुडातून धार लागली आणि जाळ विझला. अजून चौदा माणसांच्या अंघोळी राहिल्या होत्या. सासूबाई ओट्यावर बसून एवढंच म्हणाल्या, "माह्या बापानं दिलेला होता." कोणी केलं ते आजपर्यंत उघड झालेलं नाही. पण सुरतचे पाव्हणे तेव्हापासून "मला गार पाणीच मानवतं" असं म्हणतात, आणि आम्ही कोणी त्यांना आग्रह करत नाही.

क्रम असा लावा. शेतात जाणारे पहिले. मग देवपूजा करणारे. मग बायका, कारण त्यांना स्वयंपाकाला लागायचं असतं. "मी दोन मिनिटांत आलो" म्हणणारे सगळ्यांत शेवटी. त्यांना पाऊण तास लागतो हे ठरलेलं आहे. लहान पोरांना पहाटे हातच लावू नका. अकराच्या उन्हात अंगणात ओळीनं बसवा, पोरं स्वतःच एकमेकांना घासतात.

दुसऱ्या दिवशी तर बंब पेटवूच नका. सगळ्यांना गाडीत घाला आणि उनपदेवला न्या. चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला गरम पाण्याचा झरा आहे. बावीस माणसांच्या अंघोळी, लाकूड शून्य. पाहुण्यांना वाटतं वहिनींनी सहल काढली.

झोपायची सोय यावर फार लिहीत नाही. गोधड्या चार दिवस आधी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उन्हात घाला, कमी पडतील तेवढ्या गाद्या मंडपवाल्याकडून आणा. घोरणारे सगळे एका खोलीत. त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही.

भरीत

पहिल्या दिवशी संध्याकाळी शेतात भरीत. हे चुकलं तर बाकीचं कितीही चांगलं करा, वर्षभर ऐकावं लागतं.

वांगी बामणोदची. तिकडे जळगावला राहणारा आमचा एक दीर असोद्याच्या वांग्यांवर अडून बसतो. असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर, त्यामुळे हा वाद फार लवकर वांग्यांवरून कवितेवर जातो आणि मग त्याला कोणी काही बोलू शकत नाही. मी दोन्हीकडची पाच-पाच किलो आणते आणि कोणती कुठली ते सांगत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सासूबाईंनी ते त्याच्या कितीतरी आधीच देऊन टाकलं होतं. पुण्याहून कोणी जांभळं वांगं आणलं तर त्या ते गाईपुढे टाकतात.

निवडताना वांगं फिकट हिरवं, तुकतुकीत, देठ ताजं हवं. हातात घेतलं की दिसतं त्यापेक्षा हलकं लागलं पाहिजे. जड लागलं तर आत बिया भरलेल्या असतात. देठाशी बारीक भोक दिसलं तर ठेवून द्या, आत आधीच पाहुणा आहे. माणशी ४०० ते ४५० ग्रॅम धरा. साल, देठ आणि पाणी जाऊन त्याचं निम्मंच उरतं, आणि थंडीत शेतात बसलेला माणूस घरच्यापेक्षा दीडपट खातो. बावीस जणांना १० किलो बरोबर होतात. त्याला अर्धा किलो हिरव्या मिरच्या, पाव किलो लसूण, अर्धा किलो शेंगदाणे, दोन मोठ्या जुड्या कांद्याची पात, कोथिंबीर, सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या आणि लिटरभर शेंगदाण्याचं तेल. तेलाचा आकडा बघून पुण्याची जाऊ डोळे मोठे करते. तिला तिकडे बघू देऊ नका.

कळण्याचं दळण तीन दिवस आधी. चार किलो ज्वारीला एक किलो काळे उडीद आणि खडे मीठ, सगळं एकत्र दळायचं. गिरणीवाल्याला सांगायचं की ज्वारीवर दळ, गव्हावर घालू नको. आणि जास्त आधी दळून ठेवू नका. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकर थापताना कडा चिरतात. गेली असलीच तर गरम पाण्यात मळा, थोडं सावरतं.

आता भाजणं. वांग्यांना काडीनं दोन-तीन भोकं पाडा आणि वरून तेलाचा हात फिरवा. भोकं पाडली नाहीत तर वांगं जाळात फट्‌कन फुटतं. एकदा एक फुटलं ते थेट धुळ्याच्या मामांच्या पांढऱ्या शर्टावर. पऱ्हाट्यांचा ढीग पेटवायचा, ज्वाळा जरा बसल्या की वांगी मांडायची, वर पुन्हा थोड्या पऱ्हाट्या. इथं गप्पा मारायच्या नाहीत. लांब काठीनं सतत फिरवत राहायचं. साल काळी कोळसा झाली पाहिजे, आणि देठाजवळ दाबलं तर बोट आत गेलं पाहिजे. पोट मऊ आणि देठाशी कडक असलं तर ते कच्चं आहे, परत जाळात. मिरच्याही याच निखाऱ्यावर भाजून घ्या.

भाजलेली वांगी टोपल्यात घालून वर केळीचं पान झाका. आमच्याकडे केळीचं पान म्हणजे हात लांब केला की मिळतं. दहा मिनिटं वाफेवर राहिली की साल सुटते. शेजारी पाण्याची वाटी ठेवा आणि बोटं बुडवत सोला, पण वांगं पाण्यानं धुवू नका. धुतलं की पऱ्हाट्यांचा वास गेला, मग शेतात आलोच कशाला?

सोलायला जावई बसवा. यात माझा सगळा अनुभव आहे. तुम्ही पाहुण्याला खुर्चीवर बसवून ठेवलं की तो अर्ध्या तासात वाटणीचा विषय काढतो. त्याच्या हातात गरम वांगं दिलं की तो "हाऽ, हूऽ" करत बसतो, शेजारच्याला "तुझं नीट सोललं नाही" म्हणतो आणि भांडण तेवढ्यावरच भागतं. लसूण सोलायला धुळ्याची मामी आणि नाशिकची आत्या समोरासमोर. चार वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं, पाव किलो लसणात सुरू झालं. पोरांना पऱ्हाट्या मोडून आणायला पाठवा. पुण्याच्या जावेला फोटो काढू द्या. पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, "आई, एअर फ्रायरमध्ये नाही का होणार?" सासूबाईंना एअर फ्रायर म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. त्या बराच वेळ जाळाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "होईन ना. पन मग तू अठी कशाले आली असती?" जाऊ हसली. मला वाटतं त्या दिवशी ती या घरात खरी आली.

ठेचायला लाकडी बडगी, म्हणजे उखळ. भाजलेल्या मिरच्या, निम्मा लसूण आणि मीठ आधी ठेचा, मग त्यावर वांगी घालून मुसळीनं ठेचा. मिक्सरमध्ये त्याचा चिकट लगदा होतो. मिरची घालण्याआधी दोन वाट्या साधं वांगं बाजूला काढून ठेवा. आम्ही त्याला पुणेरी वाटी म्हणतो. ती नातवंडांसाठी, असं सांगायचं. मोठी माणसंही हळूच घेतात, बघायचं नाही.

मोठ्या भगोण्यात तेल तापवून शेंगदाणे तांबूस तळून घ्या, मग खोबऱ्याचे काप, उरलेला लसूण, कांद्याची पात. पात मऊ झाली की ठेचलेलं वांगं घाला आणि सराट्यानं खालून-वरून फिरवा. कडेनं तेल सुटलं की झालं. वरून कोथिंबीर. टोमॅटो नाही. गरम मसाला नाही. साखर घालू का, असं नाशिकच्या शेजाऱ्यानं विचारलं होतं. त्याला आम्ही पुन्हा बोलावलं, पण स्वयंपाकापासून लांब बसवलं.

भाकर जाड थापा, शेतातल्या तीन दगडांच्या चुलीवर भाजा आणि गरम गरमच ताटात टाका. बरोबर कच्ची पात, मुळा, दही. ताटं कमी पडली तर केळीची पानं आहेतच. थापणाऱ्या बाईला पहिल्या पंगतीत जेवायला बसवा आणि दुसरीला चुलीपाशी. हे मी मागची दहा वर्षं स्वतःपासून सुरू केलं. सासूबाईंना आवडलं नाही, पण त्यांनी तेव्हा अधिवेशन काढलं नाही.

पुरुषांचं काय करायचं

जेवण झालं की आमचे हे उठतात आणि म्हणतात, "केळीला पाणी द्यायचंय." थंडी वाढली की केळीची वाढ थांबते, म्हणून रात्री पाणी द्यायचं आणि बांधावर पालापाचोळ्याचा धूर करायचा, हे खरंच आहे. फक्त पाहुणे आले की ते तिन्ही रात्री खरं कसं होतं, हा माझा प्रश्न आहे. उपाय सोपा: त्यांच्याबरोबर दोन दीर आणि पुण्याचा पोरगा पाठवून द्या. बॅटरी, कानटोप्या, किटलीभर चहा. रात्री बारापर्यंत ते शेकोटीपाशी बसतात, घरात बायका मोकळ्या बोलतात. दोन्ही बाजूंना वाटतं आपण सुटलो.

बाकीची जेवणं उरकती ठेवा. दुसऱ्या दिवशी शेवभाजी, शेव बाहेरून तिखट आणायची, रस्सा घरी. तिसऱ्या दिवशी तुरीच्या डाळीची खिचडी, वर कच्चं तेल, बाजूला भाजलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. खिचडी ताटात दिसली की पाहुण्यांना आपोआप गाडीची वेळ आठवते. कोणी हुरडा मागेल. नाताळात तो नसतो. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, दुधात यायला जानेवारी लागतो. "संक्रांतीला या" म्हणून सांगा, पण फार जोरात सांगू नका.

निरोप

गाडी साडेनऊची असेल तर साडेआठची सांगा. कारण सामान रिक्षात चढल्यावर मुख्य बोलणं सुरू होतं. तीन दिवसांत जे कोणी काढलं नाही ते सगळं ओट्याच्या पायरीवर निघतं: पोरीचं स्थळ, कोणाचं ऑपरेशन, भावाकडून यायचे राहिलेले पैसे. नणंद एकदा रडते, मग सासूबाई, मग रिक्षावाला हॉर्न वाजवतो.

बांधून द्यायचं ते आदल्या रात्रीच बांधा. वांगी प्लास्टिकच्या पिशवीत देऊ नका, घाम येऊन सडतात. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळा. कळण्याचं पीठ डब्यात. केळी हिरवीच द्या आणि सामानाच्या सगळ्यांत वर. एका वर्षी पिकलेली फणी बॅगेच्या तळाशी गेली होती. उधन्याला पोचल्यावर नणंदेनं साड्यांचे फोटो पाठवले, खाली काही लिहिलं नव्हतं. मेहरूणची बोरं पोरांच्या खिशात भरा, ती जळगावही ओलांडत नाहीत.

गेल्यावर घरात फिरून राहिलेलं गोळा करा. स्वेटर, चार्जर, एका पायाचा मोजा, दाताची कवळी (ही दर वर्षी धुळ्याच्या मामांची). सगळं एका पिशवीत घालून खुंटीला लावून ठेवा, पुढच्या डिसेंबरात लागतं.

आणि शाली मोजा. स्टेशनवर पाठवलेल्या दोन्ही शाली पाव्हण्यांच्या अंगावरून परत सुरतला जातात. मागच्या वर्षी नणंदेच्या घरी गेले तेव्हा कपाटात आमच्या नऊ सापडल्या. मी काही बोलले नाही. यंदा भुसावळला कोणाला पाठवलं तरी त्याच्या हातात फक्त कानटोपी देणार आहे, आणि फोनवर नणंदेला सांगितलं आहे, "येताना तिकडून चार शाली घेऊन ये, इकडे पाहुणे फार आहेत."